न्यूरोॲनाटॉमीचं पुस्तक निवडताना : आधी आकृत्या तपासा

न्यूरोॲनाटॉमीचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या रचनेचं, पुस्तक दुकानात उभ्या उभ्या, जाडी आणि किंमत बघून घेऊ नका. सिनिअरने सांगितलं एवढ्याच आधारावरही घेऊ नका. कॉलेजच्या लायब्ररीत एक दुपार मोकळी काढा, तीन-चार पुस्तकं शेजारी शेजारी उघडा आणि पुढे दिलेल्या तीन जागा प्रत्येकात तपासा. तासाभरात कळतं, यातलं आपलं पुस्तक कुठलं.

एवढा खटाटोप याच विषयासाठी का करायचा? हाता-पायाची ॲनाटॉमी डिसेक्शन टेबलवर दिसते. बायसेप्स हाताने ओढून बघता येतो, नर्व्ह सोडवून मोकळी करता येते. मग पुस्तकातली आकृती थोडी सुमार असली तरी भागतं. न्यूरोमध्ये तसं होत नाही. मेंदूचे सल्कस-जायरस (पृष्ठभागावरच्या खाचा आणि वळ्या), खालच्या बाजूच्या रक्तवाहिन्या, क्रॅनियल नर्व्ह्ज हे टेबलवर दिसतं. पण स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट (तंतूंचा जुडगा) किंवा न्यूक्लियस अँबिग्युअस (चेतापेशींचा पुंजका) स्कॅल्पेलने सोडवून कोणी दाखवू शकत नाही. त्यांची आणि विद्यार्थ्याची गाठ पडते ती फक्त पुस्तकातल्या आडव्या छेदात, म्हणजे सेक्शनमध्ये. सेक्शन अपुरा किंवा गोंधळाचा असेल तर त्याखालचा मजकूर कितीही चांगला असो, पाठांतरापलीकडे गाडी जात नाही. म्हणून या विषयात पुस्तक निवडायचं म्हणजे आकृत्या निवडायच्या.

आधी गरज ठरवा

नाशिक भागात आडगावच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजात असा की धामणगावच्या एसएमबीटीत, पेपर एकाच विद्यापीठाचा असतो: १९९८ साली स्थापन झालेल्या, म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. आणि २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कॉम्पिटन्सीवर, म्हणजे विद्यार्थ्याला काय जमलं पाहिजे त्यावर, आधारलेला आहे. न्यूरोॲनाटॉमी त्यात एएन (ॲनाटॉमी) ५६ ते एएन ६४ या क्रमांकांत येते: ५६ मेनिंजेस (मेंदूची आवरणं) आणि सीएसएफ (मेंदूभोवतीचा द्रव), ५७ स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू), ५८ मेडुला, ५९ पॉन्स, ६० सेरिबेलम (लहान मेंदू), ६१ मिडब्रेन (मेडुला, पॉन्स आणि हा मिळून ब्रेनस्टेम), ६२ क्रॅनियल नर्व्ह न्यूक्लिआय आणि सेरिब्रल हेमिस्फिअर, ६३ व्हेंट्रिक्युलर सिस्टिम, ६४ हिस्टॉलॉजी आणि एम्ब्रिऑलॉजी. ही यादी एका कागदावर लिहून लायब्ररीत सोबत न्या. अलीकडच्या भारतीय आवृत्त्यांत हे क्रमांक धड्यातच छापलेले असतात, त्याने शोधाशोध वाचते. पण क्रमांक छापला म्हणजे मजकूर भरीव आहे असं समजू नका. उदाहरणार्थ एएन ६१.३ म्हणजे वेबर आणि बेनेडिक्ट सिंड्रोमचा (मिडब्रेनच्या इजेने होणाऱ्या दोन लक्षणसमूहांचा) ॲनाटॉमिकल बेसिस. काही पुस्तकांत याची दोन ओळींची चौकट असते, काहींत छेदावर इजेची जागा रंगवून दाखवलेली असते. फरक तिथे आहे.

गरजा दोन आहेत आणि एकच पुस्तक दोन्ही भागवेल असं नाही. पहिली गरज परीक्षेची: पाच-सात मिनिटांत पेन्सिलीने काढता येईल अशी आकृती, मुद्देसूद उत्तर, व्हायवात (तोंडी परीक्षेत) बोलता येईल अशी व्याख्या. दुसरी गरज समजण्याची: मेडुलापासून कॉर्टेक्सपर्यंत एक ट्रॅक्ट मनात सलग उभा राहणं, सीटी-एमआरआयवर जागा ओळखणं. पहिल्या गरजेचं पुस्तक विकत घ्या. दुसऱ्या गरजेचं पुस्तक किंवा ॲटलस लायब्ररीत आहे का ते बघा आणि तिथेच बसून वापरा. पहिल्याच वर्षी दोन जाडजूड पुस्तकं विकत घेणाऱ्यांचं बहुधा एकही पूर्ण वाचून होत नाही, कारण न्यूरो अनेक कॉलेजांत वर्षाच्या उत्तरार्धात शिकवतात आणि तोवर फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीही मानगुटीवर बसलेली असते.

पहिली जागा : मेडुलाचा ऑलिव्हच्या पातळीवरचा छेद

ही सगळ्यात खरी कसोटी आहे, म्हणून इथे वेळ द्या. मेडुलाचे साधारण तीन छेद प्रत्येक पुस्तकात असतात: मोटर डिकसेशनचा (तंतू बाजू ओलांडतात ती जागा), सेन्सरी डिकसेशनचा आणि ऑलिव्हचा. तिसरा उघडा. त्यात समोर पिरॅमिड, मागे हायपोग्लॉसल न्यूक्लियस, या दोन्हींच्या मध्ये मिडलाइनला लागून मिडियल लेम्निस्कस, बाजूला सुरकुतलेल्या पिशवीसारखा इन्फिरिअर ऑलिव्हरी न्यूक्लियस, त्याच्या मागच्या बाजूला न्यूक्लियस अँबिग्युअस, आणखी बाहेर स्पायनल न्यूक्लियस ऑफ ट्रायजेमिनल, स्पायनोथॅलॅमिक तंतू आणि कोपऱ्यात इन्फिरिअर सेरिबेलर पेडंकल दिसायला हवं.

आता त्याच धड्यातला लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम (मेडुलाच्या बाजूच्या भागाच्या इजेचा लक्षणसमूह) उघडा; हा एएन ५८.४मध्ये आहे. मजकूर हाताने झाका आणि फक्त आकृतीवरून पेशंटची लक्षणं सांगता येतात का बघा. ट्रायजेमिनलचा न्यूक्लियस गेला म्हणून त्याच बाजूच्या चेहऱ्याची वेदना-तापमानाची जाणीव गेली. स्पायनोथॅलॅमिक गेला म्हणून विरुद्ध बाजूच्या अंगाची गेली. न्यूक्लियस अँबिग्युअस गेला म्हणून आवाज घोगरा आणि गिळायला त्रास. व्हेस्टिब्युलर न्यूक्लियसमुळे चक्कर, पेडंकलमुळे त्याच बाजूचा तोल जाणं, खाली उतरणाऱ्या सिंपथेटिक तंतूंमुळे हॉर्नर सिंड्रोम (पापणी झुकणं, बाहुली लहान होणं). आणि पिरॅमिड आणि मिडियल लेम्निस्कस शाबूत असल्यामुळे अर्धांगवायू नाही, व्हायब्रेशनची जाणीवही टिकून. हे सगळं आकृतीकडे बघून सुटलं, तर ते पुस्तक शिकवणारं आहे. यादी पाठ केल्याशिवाय सांगता येत नसेल, तर आकृती नावापुरती छापली आहे.

इथेच आणखी एक गोष्ट बघा. या सिंड्रोमला कारण म्हणून फक्त पोस्टीरिअर इन्फिरिअर सेरिबेलर आर्टरी दिली आहे, की व्हर्टिब्रल आर्टरीचाही उल्लेख आहे? प्रत्यक्षात व्हर्टिब्रल आर्टरी बंद झाल्यानेही हा सिंड्रोम होतो, नव्हे, बऱ्याचदा तिच्यामुळेच होतो. चांगल्या पुस्तकात दोन्ही असतात, आणि छेदावर कुठला भाग कोणत्या आर्टरीचा हे वेगवेगळ्या छटांनी दाखवलेलं असतं. मिडियल मेड्युलरीशी शेजारी शेजारी तुलना केलेली असेल तर आणखी उत्तम.

दुसरी जागा : स्पायनल कॉर्डचा मिड-थोरॅसिक छेद

एएन ५७.४मध्ये मिड-थोरॅसिक पातळीवरचे चढते-उतरते ट्रॅक्ट विचारले आहेत. पुष्कळ पुस्तकं एकच 'सर्वसाधारण' छेद छापतात आणि त्यात सगळे ट्रॅक्ट भरतात. तो परीक्षेत काढला तर व्हायवात पहिलाच प्रश्न येतो: ही कुठली लेव्हल? थोरॅसिक छेदात लॅटरल हॉर्न दिसला पाहिजे, पोस्टीरिअर हॉर्नच्या मुळाशी क्लार्कचा कॉलम दिसला पाहिजे. फॅसिक्युलस क्यूनिएटस साधारण टी ६च्या वरच असतो; त्याखाली फक्त ग्रॅसिलिस. हे मजकुरात स्पष्ट लिहिलंय का बघा.

मग लॅमिनेशन, म्हणजे शरीराच्या भागांनुसार तंतूंचे थर, शोधा. लॅटरल कॉर्टिकोस्पायनल आणि स्पायनोथॅलॅमिक या दोन्हींत सर्व्हायकल तंतू आतल्या बाजूला, सॅक्रल बाहेर. पोस्टीरिअर कॉलममध्ये याच्या उलट, सॅक्रल मिडलाइनला लागून. हे आकृतीतच अक्षरांनी दाखवलं असेल तर आतून वाढणारी आणि बाहेरून दाबणारी गाठ यांतला फरक वर्षभरानंतरही आठवतो. शेवटी सिरिंगोमायलिया (कॉर्डच्या मध्यात पोकळी होणं): वेदना-तापमानाचे तंतू अँटीरिअर व्हाइट कमिशरमधून ओलांडतात, तिथेच इजा झाल्यामुळे दोन्ही बाजूंची जाणीव जाते पण स्पर्श बराचसा टिकतो, हा संबंध ओलांडणाऱ्या तंतूंसकट आकृतीत हवा.

तिसरी जागा : इंटर्नल कॅप्सूल

इंटर्नल कॅप्सूल म्हणजे कॉर्टेक्सकडून येणाऱ्या-जाणाऱ्या तंतूंचा दाट पट्टा. त्याच्या आकृतीवरून पुस्तक अद्ययावत आहे की जुन्याच आकृत्या नव्या कव्हरखाली आल्यात, ते कळतं. जुन्या आकृत्यांत कॉर्टिकोस्पायनल तंतू जेन्यूच्या (कॅप्सूलच्या वाकणाच्या) लगेच मागे, पोस्टीरिअर लिंबच्या पुढच्या अर्ध्यात दाखवत. कॅप्सूलच्या खालच्या पातळीला हे तंतू मागे सरकून पोस्टीरिअर लिंबच्या मागच्या अर्ध्यात असतात, हे नंतर स्पष्ट झालं. नव्या पुस्तकात हे एका वाक्यात तरी आलेलं असतं. जुनीच आकृती आणि त्यावर एक शब्दही नाही, असं दिसलं तर बाकीचे धडेही जरा संशयाने बघा. याच संशयाने बेसल गँग्लिया उघडा: डायरेक्ट आणि इनडायरेक्ट पाथवे, त्यातला सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि त्याच्या इजेमुळे विरुद्ध बाजूला होणारं हेमिबॅलिस्मस (हातपाय आपोआप जोरात फेकले जाणं). नुसती 'अफेरंट-इफेरंट (येणाऱ्या-जाणाऱ्या) कनेक्शन्स'ची यादी दिली असेल तर पार्किन्सनमध्ये हालचाल मंद का होते, हे त्या पुस्तकातून कधीच कळणार नाही. पिरॅमिडल (म्हणजे कॉर्टिकोस्पायनल) ट्रॅक्ट फक्त कॉर्टेक्समधल्या मोठ्या बेट्झ सेल्सपासून निघतो असं लिहिलं असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा; त्या पेशींचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे.

रक्तपुरवठाही याच पानावर हवा: मिडल सेरिब्रलच्या लेंटिक्युलोस्ट्रायेट फांद्या, अँटीरिअर कोरॉयडल, ह्यूबनरची रिकरंट आर्टरी. आर्टरीचा धडा दूर आणि कॅप्सूलचा धडा वेगळा अशी मांडणी असेल, तर दोन धड्यांना जोडणारी एक तरी आकृती असायला हवी.

छेद कुठून बघितलाय?

या एका गोष्टीवरून जेवढा घोळ होतो तेवढा दुसऱ्या कशानेच होत नाही. पारंपरिक पुस्तकांत ब्रेनस्टेम आणि कॉर्डचे छेद पोस्टीरिअर बाजू वर ठेवून काढतात. सीटी-एमआरआयमध्ये अँटीरिअर बाजू वर असते, आणि पेशंटची उजवी बाजू चित्राच्या डावीकडे येते. पुस्तकातल्या आकृतीची सवय झालेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षात एमआरआय समोर आला की मिडब्रेन उलटा वाचतो आणि इजेची बाजू चुकवतो. पुस्तकात प्रत्येक छेदाला दिशादर्शक अक्षरं आहेत का, आणि निदान काही ठिकाणी एमआरआयच्या दिशेनेही तोच छेद दिलाय का, हे बघा. हेन्स यांच्या ॲटलसचा मोठा गुण हाच: छेद क्लिनिकल दिशेनेही दिलेले आहेत. नसेल तर पहिल्याच दिवशी प्रत्येक छेदाच्या कडेला पेन्सिलीने 'पुढे', 'मागे' लिहून ठेवा.

दुसरा घोळ रंगाचा. खऱ्या छेदांचे फोटो बहुधा वायगर्ट पद्धतीने रंगवलेले असतात, त्यात मायलिन काळं दिसतं. म्हणजे व्हाइट मॅटर काळं आणि ग्रे मॅटर फिकं. एमआरआयच्या टी १ चित्रात व्हाइट मॅटर उजळ आणि सीएसएफ काळा. टी २मध्ये सीएसएफ पांढराशुभ्र. पुस्तक हे सांगतं का बघा. सांगत नसेल तर स्पॉटरला (नमुना ओळखायच्या परीक्षेत) स्लाइड बघून हमखास गोंधळ होतो.

आणि तिसरी गोष्ट आकृतीच्या जातीची. छटा देऊन काढलेली त्रिमितीय रंगीत चित्रं समजायला छान, पण पेपरात काढता येत नाहीत. रेषांची साधी आकृती काढता येते पण मनात खोली उभी करत नाही. विकत घ्यायच्या पुस्तकात साध्या रेषांच्या आकृत्या हव्यात, मोटर लाल आणि सेन्सरी निळा असा रंगांचा नियम पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत सारखा हवा. कागद घ्या, मिडब्रेनचा सुपिरिअर कॉलिक्युलसच्या पातळीवरचा छेद घड्याळ लावून उतरवून बघा. सात मिनिटांत क्रस सेरिब्री, सब्स्टान्शिया नायग्रा, रेड न्यूक्लियस, ऑक्युलोमोटर न्यूक्लियस आणि तिची बाहेर पडणारी नर्व्ह लेबलांसकट कागदावर आली तर आकृती कामाची.

कोणतं पुस्तक कशासाठी

विश्राम सिंग यांचं क्लिनिकल न्यूरोॲनाटॉमी आटोपशीर आहे, आकृत्या उतरवता येतात, क्लिनिकल मुद्दे सोबत दिलेले आहेत. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, कळवण-सुरगाण्याकडून किंवा निफाड-सिन्नरकडून आलेत, त्यांना याची छोटी इंग्रजी वाक्यं पहिल्या महिन्यात फार आधार देतात. पहिलं आणि एकमेव पुस्तक घ्यायचं असेल तर आमचा कौल याला.

बी. डी. चौरसियांचा संच आधीच घेतला असेल तर एक काळजी घ्या. पूर्वी तिसऱ्या खंडात डोकं, मान आणि मेंदू एकत्र होतं. पुढे मेंदूचा चौथा खंड वेगळा झाला. सेकंडहँड तीन खंड घेताना ते जुन्या संचातले की नव्या, हे विचारा. नव्या संचाचे तीनच खंड घेतले तर मेंदू हातात येतच नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. मुद्द्यांची मांडणी उजळणीला सोयीची आहे. छेदांचं 'का' समजायला दुसऱ्या पुस्तकाची जोड लागते.

इंदरबीर सिंग यांच्या पुस्तकात न्यूक्लियस आणि ट्रॅक्टच्या जोडण्या तपशिलाने आहेत. ज्याला विषय आवडलाय किंवा डिस्टिंक्शनचा विचार आहे त्याने घ्यावं. घाईत वाचणाऱ्याला मात्र ते जड जातं.

स्नेल यांचं पुस्तक क्लिनिकल टिपा आणि धड्याअखेरच्या केस-प्रश्नांसाठी वाचावं. आठवी आवृत्ती स्प्लिटगर्बर यांनी केलेली आहे. जाड आहे, म्हणून सलग वाचायला घेऊ नका: कॉलेजात जो धडा झाला त्याचे प्रश्न त्याच संध्याकाळी सोडवायचे. ब्लुमेनफेल्ड यांचं पुस्तक खऱ्या पेशंटच्या केसेस आणि इमेजिंगमधून शिकवतं. ते पहिल्या वर्षी ओझं होईल, पण मेडिसिनच्या वॉर्डात न्यूरोची केस घ्यायला लागल्यावर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं नाही.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी स्पायनल कॉर्ड, ट्रॅक्ट, सेरिबेलम आणि बेसल गँग्लिया यांवर भर असलेलं पुस्तक घ्यावं. पुढे स्ट्रोक आणि स्पायनल इंज्युरीचे पेशंट रोज तेच विचारायला लावतात. डेंटलला पाचवी आणि सातवी नर्व्ह न्यूक्लियसपासून फांदीपर्यंत नीट हवी, बाकी आटोपशीर चालतं.

घेताना

मेडिकलची पुस्तकं नाशिक शहरातल्या प्रत्येक दुकानात नसतात. एम. जी. रोड-शालिमारकडे जाण्याआधी फोन करून नाव, प्रकाशक आणि आवृत्ती सांगा. पुण्याला जाणं होणारच असेल तर अप्पा बळवंत चौकात जास्त पर्याय मिळतात. परदेशी पुस्तकाची भारतीय किंवा दक्षिण आशियाई आवृत्ती आहे का ते आधी विचारा. ती मूळ आवृत्तीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण खात्याची पुस्तकपेढी योजना आहे, तिची चौकशी ॲडमिशननंतर लगेच स्टुडंट सेक्शनमध्ये करा.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, एक आवृत्ती मागची चालते. मेंदू दर दोन वर्षांनी बदलत नाही. पण २०१९च्या आधीच्या आवृत्तीत कॉम्पिटन्सीचे क्रमांक नसतात, ते हाताने लिहावे लागतील. घेण्याआधी मेडुला, मिडब्रेन आणि इंटर्नल कॅप्सूलची पानं जागेवर आहेत का बघा. झेरॉक्ससाठी याच पानांची बांधणी सैल होते आणि तीच गळतात. ऑनलाइन मजकुरासाठीचा स्क्रॅच कोड आधीच वापरलेला असतो, त्याचे पैसे धरू नका.

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रतीच्या मात्र वाटेलाही जाऊ नका. लाल आणि निळा दोन्ही सारखेच राखाडी दिसतात, आणि ज्या आकृतीसाठी पुस्तक घेतलं तिचाच उपयोग संपतो. स्वस्त बनावट प्रतींचंही तेच: कागद पातळ, मागच्या पानाची शाई दिसते, छेदातली बारीक लेबलं वाचता येत नाहीत.

पुस्तक घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त कॉर्ड आणि मेडुला वाचा, आणि प्रत्येक छेद पुस्तक बंद करून काढा. तीन प्रयत्नांनंतरही ऑलिव्हचा छेद उभा राहत नसेल, तर लायब्ररीतून दुसऱ्या पुस्तकातला तोच धडा घेऊन बघा. त्यातून जमला तर पुस्तक तेव्हाच बदला, आपली प्रत नवीकोरी असेतोवर दुकानदार किंवा एखादा ज्युनिअर ती घेतो. पहिल्या इंटर्नलनंतर मात्र बदलू नका. तोवर आपल्या खुणा, रंग आणि दिशेची अक्षरं त्या पानांवर उमटलेली असतात, आणि प्रिलिमच्या आदल्या रात्री उजळणी त्यांच्यावरूनच होते.